‘सेट’ या एका शब्दाच्या कसोटीवर ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरी

शब्दकोशाची पारख अवघड आणि दुर्मीळ शब्दांवरून करण्याची पद्धत रूढ असली, तरी ती मला पटत नाही. दुर्मीळ शब्दाचा अर्थ बहुधा एकच असतो, तो शास्त्रीय असतो आणि कोणत्याही बऱ्या कोशात तो एका ओळीत मिळतो. कोशकाराचा खरा कस लागतो तो दिवसभर तोंडात असणाऱ्या, लहान मुलालाही ठाऊक असलेल्या आणि म्हणूनच कोणीही कधी कोशात शोधत नाही अशा शब्दांवर. म्हणून ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या ऑनलाइन आवृत्तीचे हे परीक्षण मी ‘सेट’ या एकाच शब्दाच्या आधारे करणार आहे. इंग्रजीत तो तीन अक्षरांत लिहिला जातो. वर्तमानकाळ, भूतकाळ आणि भूतकाळवाचक धातुसाधित या तिन्ही ठिकाणी त्याचे रूप बदलत नाही. क्रियापद, नाम आणि विशेषण अशा तिन्ही भूमिका तो करतो, आणि १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत त्याच्या केवळ क्रियापदाचे ४३० अर्थ नोंदलेले आहेत. त्या एका नोंदीचा मजकूर सुमारे साठ हजार शब्दांचा आहे.

या ४३०च्या आकड्याने ‘सर्वांत जास्त अर्थांचा इंग्रजी शब्द’ अशी ‘सेट’ची ख्याती झाली. पुढे तिसऱ्या आवृत्तीसाठी ‘रन’ या क्रियापदाची नोंद नव्याने लिहिली गेली. पीटर गिलिव्हर या संपादकाने तिच्यावर नऊ महिने काम केले आणि २०११मध्ये ६४५ अर्थांनिशी ‘रन’ पुढे गेला, असे सांगितले जाऊ लागले. ही तुलना मला योग्य वाटत नाही, कारण एक आकडा जुन्या घडणीच्या नोंदीचा आहे आणि दुसरा नव्याने, कितीतरी अधिक पुराव्यांनिशी बांधलेल्या नोंदीचा. शिवाय अर्थ किती, हे शब्दाइतकेच कोशकारावरही अवलंबून असते. एकाच छटेचे एकाला दोन भाग करावेसे वाटतील, तर दुसरा ते एकाच क्रमांकाखाली ठेवील. मला या कोशाची किंमत वाटते ती वेगळ्याच कारणासाठी: हे शेकडो अर्थ कोणत्या क्रमाने, कोणत्या वाटेने आणि कोणत्या पुराव्यावर एकमेकांतून निघाले, हे तो वाचकाच्या डोळ्यांसमोर मांडतो.

‘सेट’ या क्रियापदाचे मूळ प्राचीन इंग्रजीतील ‘सेटान’ हे आहे. हे ‘सिटान’, म्हणजे बसणे, याचे प्रयोजक रूप. मराठी वाचकाला ही रचना समजावून सांगावी लागत नाही. पडणेवरून पाडणे, मरणेवरून मारणे, तुटणेवरून तोडणे ही रूपे आपण नकळत, मुख्यतः स्वर बदलून साधतो. इंग्रजीतही कधीकाळी हीच सोय होती आणि तिचे अवशेष आजही जागोजाग दिसतात: ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि ‘फेल’ म्हणजे झाड पाडणे, ‘लाय’ म्हणजे आडवे असणे आणि ‘ले’ म्हणजे आडवे ठेवणे, ‘राइज’ म्हणजे उठणे आणि ‘रेझ’ म्हणजे उठवणे, उचलणे. ‘सिट’ आणि ‘सेट’ ही त्याच पंक्तीतली जोडी आहे. ‘सेटान’चा भूतकाळ ‘सेटे’ असा होता. काळाच्या ओघात दोन्ही रूपांची अंत्य अक्षरे झिजली आणि वर्तमान व भूत सारखेच दिसू लागले. इंग्रजी शिकताना ‘सेट, सेट, सेट’ असे पाठ करणाऱ्याला जी केवळ लहर वाटते, तिच्यामागे अशी साधी झीज आहे, आणि कोशाच्या ‘रूपे’ या विभागात जुन्या वर्णलेखनांच्या यादीतून ती पायरीपायरीने पाहता येते.

त्याहून मागे गेले की आपण आपल्याच अंगणात येतो. ‘सिट’ आणि ‘सेट’ यांच्या मुळाशी असलेला आद्य भारोपीय (म्हणजे संस्कृत, लॅटिन, इंग्रजी यांच्या समान पूर्वज भाषेतला) धातू तोच आहे, जो संस्कृतात ‘सद्’ म्हणून येतो. सदन, संसद, परिषद, सभासद, उपनिषद, प्रसाद, विषाद हे सारे त्या ‘सद्’चे साधित शब्द. पाखराचे घरटे म्हणजे ‘नीड’ हाही शब्द त्याच धातूला ‘नि’ हा उपसर्ग लागून झालेला, आणि इंग्रजी ‘नेस्ट’ हा त्याचा सख्खा भाऊ. लॅटिनमध्ये याच धातूचे ‘सेदेरे’ झाले. तिथून ‘सेशन’ म्हणजे बैठक, ‘सेडिमेंट’ म्हणजे तळाशी बसलेला गाळ, ‘प्रेसिडेंट’ म्हणजे पुढे बसणारा, असे शब्द फ्रेंचच्या वाटेने इंग्रजीत आले. इंग्रजीच्या घरच्या शब्दांत ‘सॅडल’ म्हणजे खोगीर आहे आणि ‘सूट’, म्हणजे काजळी, हाही आहे. काजळी ही भिंतीवर, धुराड्यात येऊन ‘बसलेली’ वस्तू, म्हणून तिला ते नाव मिळाले. (इथे एक सावधगिरी हवी. ‘आसन’ हा शब्द अर्थाने कितीही जवळचा वाटला, तरी तो ‘सद्’चा नाही. त्याचा धातू ‘आस्’ आहे. नुसत्या अर्थसाम्यावर व्युत्पत्ती बांधण्याचा मोह असा पदोपदी होतो.)

आतापर्यंत शब्द एक आणि मूळ एक अशी स्थिती आहे. खरी गंमत नामापाशी सुरू होते. ‘सेट’ म्हणजे संच, एकत्र असणाऱ्या वस्तूंचा किंवा माणसांचा गट, हा अर्थ ‘बसवणे’ या क्रियापदातून निघाला असेल असे कोणालाही वाटेल, कारण वस्तू नीट मांडून ठेवल्या की त्यांचा संच होतो. प्रत्यक्षात हे नाम वेगळ्याच घरातून आले आहे. जुन्या फ्रेंचमधील ‘सेट’, म्हणजे क्रम किंवा अनुयायांचा गट, हे ‘सेक्त’चे एक रूप, आणि ते लॅटिन ‘सेक्ता’वरून आलेले. ‘सेक्ता’ म्हणजे कोणाच्या तरी मागून जाणे, आणि त्यावरून मागून जाणारा परिवार, पंथ. तिच्या मागे ‘सेक्वी’ म्हणजे अनुसरणे हे क्रियापद आहे, ज्यातून इंग्रजीत ‘सेक्ट’, ‘सीक्वेल’, ‘सीक्वेन्स’ आणि पहिल्याच्या मागून येणारा म्हणून ‘सेकंड’ हे शब्द आले. या ‘सेक्वी’चा संस्कृत सोयरा म्हणजे ‘सच्’, सोबत असणे, आणि त्यावरून झालेला आपला नेहमीचा शब्द म्हणजे ‘सचिव’: जो सोबत असतो तो. म्हणजे इंग्रजी ‘सेट’ हे क्रियापद संसदेच्या कुळातले आणि ‘सेट’ हे संचवाचक नाम सचिवाच्या कुळातले. दोन पूर्ण वेगळे धातू इंग्रजीत येऊन एकाच उच्चारात आणि एकाच वर्णलेखनात मिसळले.

मिसळले हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो, कारण ते नुसते शेजारी राहिले नाहीत. फ्रेंचकडून आलेल्या नामावर क्रियापदाची छाया इतकी दाट पडली की ‘मागून जाणारे’ हा अर्थ पुसला गेला आणि ‘एकत्र मांडलेले’ हा अर्थ पुढे आला. गणितात गेओर्ग कँटोरने १८७४पासून ज्या संच-सिद्धान्ताचा पाया घातला, त्यातील ‘मेंगे’ या जर्मन संज्ञेसाठी इंग्रजीत ‘सेट’ रूढ झाले, तेव्हा त्यात अनुयायांची सावलीसुद्धा उरलेली नव्हती. रेडिओ सेट आणि टेलिव्हिजन सेट यांत संपूर्ण यंत्रसामग्री हा अर्थ आहे. उलट रंगभूमीवरचा सेट, प्रवाहाचा किंवा भरतीच्या पाण्याचा सेट म्हणजे त्याचा ओघ, आणि जबड्याचा सेट म्हणजे त्याची ठेवण, ही नामे सरळ क्रियापदाच्या पोटातून आलेली आहेत. चांगल्या व्युत्पत्तिकोशाने इथे नेमके हेच करायचे असते: दिसायला एक असलेल्या शब्दांना त्यांच्या त्यांच्या कुळात परत नेऊन ठेवायचे आणि शिवाय ती कुळे पुढे एकमेकांत कशी मिसळली हेही लपवायचे नाही. ऑक्सफर्डचा कोश नामांच्या आणि क्रियापदाच्या नोंदी वेगळ्या क्रमांकांखाली देतो आणि प्रत्येकीची व्युत्पत्ती स्वतंत्र सांगतो. या कामात इंग्रजीतला दुसरा कोणताही कोश त्याच्या तोडीचा नाही, असे माझे मत आहे.

क्रियापदाच्या अर्थांकडे वळले की मराठीत आपण किती वेगवेगळी क्रियापदे वापरतो हे लक्षात येते. मोडलेले हाड बसवतात, कोंदणात हिरा बसवतात, पण घड्याळाचा गजर लावतात, सापळा लावतात, आग लावतात. टेबल मांडतात, छापखान्यात खिळे जुळवतात, किंमत ठरवतात, उदाहरण घालून देतात, शिडे उभारतात, कैद्याला मुक्त करतात. इंग्रजीत या सर्वांसाठी ‘सेट’ चालतो. हे अर्थ सुटे सुटे पाठ करणाऱ्याचा जीव मेटाकुटीला येईल. कालक्रमाने लावलेली नोंद वाचली की त्यांतून एक धार दिसू लागते. आधी ‘बसवणे’, मग ‘विशिष्ट जागी ठेवणे’, मग ‘नेमून ठेवणे’, म्हणजे किंमत, तारीख, काम ठरवणे. ठेवलेली वस्तू हलेनाशी होते, म्हणून पुढे ‘घट्ट होणे’, आणि त्यातून जेली, सिमेंट किंवा रंग यांचे ‘सेट’ होणे. गतीचे अर्थ वरकरणी याच्या अगदी उलट वाटतात. ‘सेट आउट’ आणि ‘सेट ऑफ’ म्हणजे प्रवासाला निघणे हे ‘बसवणे’तून कसे आले असेल? दिशा नेमून स्वतःला तिकडे लावणे, हा त्यामधला दुवा आहे, आणि तो समजला की गतीचे अर्थ परके वाटत नाहीत.

काही ठिकाणी ‘सिट’ आणि ‘सेट’ यांची अदलाबदल झालेली आहे आणि तिथे हा कोश विशेष वाचनीय होतो. सूर्य ‘सेट’ होतो म्हणजे मावळतो, पण सूर्याला कोण बसवतो? प्राचीन इंग्रजीत सूर्यास्ताला ‘सेटलगांग’ म्हणत, म्हणजे आसनाकडे जाणे. तिथे सूर्य स्वतःच बसायला जातो. सेटर जातीच्या कुत्र्याचे नावही तसेच आहे. सावजाचा वास लागताच तो खाली दबून बसतो, म्हणून तो सेटर. अंड्यांवर बसलेल्या कोंबडीला काही बोलींत ‘सेटिंग हेन’ म्हणतात. व्याकरणाची पुस्तके सकर्मक आणि अकर्मक असा जो कडक भेद शिकवतात, तो बोलणाऱ्यांनी शतकानुशतके पाळलेला नाही, हे पुराव्यानिशी कळते. ‘सेटल’ या क्रियापदाचेही असेच. त्याचा मुख्य अर्थ ‘सेटल’ म्हणजे आसन या जुन्या नामावरून आला, पण तंटा मिटवणे या अर्थामागे समेट या अर्थाच्या दुसऱ्याच एका जुन्या शब्दाचा हातभार आहे.

पुरावा म्हणजे काय, हे सांगण्यासाठी या कोशाचा थोडा इतिहास सांगणे भाग आहे. १८५७मध्ये लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीपुढे रिचर्ड चेनेव्हिक्स ट्रेंच यांनी तोवरच्या इंग्रजी कोशांतील उणिवा मांडल्या आणि त्यातून नव्या कोशाची कल्पना निघाली. १८७९मध्ये जेम्स मरे संपादक झाले. मिल हिल येथील शाळेच्या आवारात त्यांनी लोखंडी पत्र्याची एक खोली उभारली, तिला स्क्रिप्टोरियम असे नाव दिले आणि तिच्यात १,०२९ खणांची मांडणी केली. जगभरातील स्वयंसेवक वाचक पुस्तके वाचत आणि कागदाच्या अर्ध्या तावाच्या चिठ्ठीवर डाव्या कोपऱ्यात शब्द, खाली वर्ष, लेखक, ग्रंथ, पृष्ठ आणि मग मूळ वाक्य जसेच्या तसे उतरवून पाठवत. त्या चिठ्ठ्या शब्दवार खणांत जात, कालक्रमाने लागत आणि मग संपादक त्यांचे गठ्ठे करून एकेका अर्थाचा धागा वेगळा काढत. पहिला भाग १८८४मध्ये निघाला आणि तो इंग्रजी वर्णमालेतील पहिल्या अक्षरापासून ‘अँट’पर्यंतच पोहोचला होता. त्या भागावर हेन्री ब्रॅडली नावाच्या गृहस्थाने इतके मर्मग्राही परीक्षण लिहिले की मरे यांनी त्यालाच कामावर घेतले. पुढे तो स्वतंत्र संपादक झाला आणि ‘सेट’ ज्यात येतो तो भाग त्याच्याच वाट्याला गेला. एका पुस्तकपरीक्षणाचे इतके मोठे फळ मी दुसरे पाहिलेले नाही. मरे १९१५मध्ये, ब्रॅडली १९२३मध्ये गेले. कोश पुरा झाला १९२८मध्ये, ४,१४,८२५ शब्दांच्या व्याख्या आणि अठरा लाखांहून अधिक अवतरणे घेऊन.

ती अवतरणे हाच या सेवेचा गाभा आहे. २०००मध्ये कोश ऑनलाइन आला आणि आज एखाद्या अर्थावर बोट ठेवले की त्याखाली शतकांमागून शतकांची वाक्ये उलगडतात. ज्या अर्थाचा वापर थांबला, त्यावर खंजिराचे चिन्ह असते. प्रत्येक नोंदीसोबत तिच्या प्रकाशनाचा आणि दुरुस्तीचा इतिहास दिलेला असतो, आणि तो वाचल्याशिवाय नोंदीवर विसंबू नये असे मी आग्रहाने सांगेन, कारण सर्व नोंदी अजून नव्याने लिहून झालेल्या नाहीत. तिसऱ्या आवृत्तीचे काम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जात नाही. त्यामुळे एकविसाव्या शतकात घडवलेली नोंद आणि शंभर वर्षांपूर्वीच्या धाटणीची नोंद शेजारीशेजारी भेटतात. जुन्या भागांतील पुराव्याचा तोलही एकांगी आहे. दुसऱ्या आवृत्तीत एकट्या शेक्सपिअरची सुमारे ३३,००० अवतरणे आहेत. ज्या बायकांनी, कारागिरांनी, खलाशांनी भाषा घडवली त्यांची पत्रे, रोजनिशा आणि हिशेबाच्या वह्या त्या काळच्या वाचकांच्या हाती फारशा पडल्या नाहीत. शिड ‘सेट’ करणारा खलाशी आणि खिळे ‘सेट’ करणारा जुळारी यांच्या तोंडची भाषा बहुतांशी कवींच्या आणि निबंधकारांच्या लेखणीतून आपल्यापर्यंत येते, ही उणीव मला मनापासून खटकते. नव्या नोंदींत वर्तमानपत्रे आणि खासगी कागदपत्रे यांचा वापर वाढलेला आहे, हे समाधानाचे आहे.

वापरायला ही सेवा सोपी आहे का? २०२३मधील नव्या मांडणीनंतर नोंद अर्थ, व्युत्पत्ती, उच्चार, रूपे, वारंवारता अशा विभागांत विभागलेली आहे आणि लहान शब्दांसाठी ही मांडणी उत्तम आहे. ‘सेट’सारख्या नोंदीत मात्र वाचक हरवतो. अर्थांचा क्रम ऐतिहासिक असल्यामुळे आज सर्वांत जास्त वापरला जाणारा अर्थ कुठेतरी मध्येच दडलेला असतो. ‘सेट अप’, ‘सेट इन’, ‘सेट अबाउट’, ‘सेट बाय’ या जोडक्रियापदांचे तर स्वतंत्र जंगल आहे. इतक्या मोठ्या नोंदीच्या माथ्यावर मुख्य शाखा दाखवणारा एखादा सोपा आराखडा सविस्तर वर्णनासह असता, तर अभ्यासकांखेरीज इतरांचीही सोय झाली असती. दुसरी अडचण वर्गणीची. मर्यादित माहिती विनामूल्य दिसते, पण अवतरणांसह पूर्ण नोंद वाचण्यासाठी वर्गणी लागते, आणि जो भाग झाकलेला असतो तोच या कोशाचा जीव आहे.

विनामूल्य पर्यायांत डग्लस हार्पर यांनी उभारलेला ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी हा कोश मी सर्वांत वर ठेवीन. ‘सेट’च्या क्रियापदाची आणि नामांची वेगवेगळी मुळे तोही स्वच्छ शब्दांत आणि वेगळ्या नोंदींत सांगतो, भारोपीय धातूंची पाने एकमेकांना जोडलेली आहेत, आणि ‘सद्’वरून ‘नीड’पर्यंतचा प्रवास तिथे काही क्षणांत होतो. त्यात अवतरणे फारशी नाहीत, म्हणून सांगितलेल्या अर्थाची खातरजमा वाचकाला स्वतः करता येत नाही. वर्ष दिलेले असते, पण त्या वर्षी कोणी, कोणत्या संदर्भात तो शब्द वापरला, हे दिसत नाही. मेरियम-वेबस्टर हा अमेरिकी कोश रोजच्या गरजेला पुरेसा आहे. इंग्रजी शिकणाऱ्याने मात्र या तिन्हींच्या आधी शिकणाऱ्यांसाठी केलेला कोश घ्यावा, कारण त्याला हवा असतो आजचा प्रचलित अर्थ आणि त्याचे साधे वाक्य.

ऑक्सफर्डच्या कोशाची स्वतंत्र वर्गणी भरावी ती भाषांतरकारांनी, जुने इंग्रजी साहित्य मुळातून वाचणाऱ्यांनी आणि शब्दांच्या इतिहासाचा ध्यास असणाऱ्यांनी. इतरांनी आपल्या विद्यापीठाच्या किंवा सार्वजनिक ग्रंथालयाच्या सदस्यत्वात हा कोश समाविष्ट आहे का, हे आधी विचारून घ्यावे, कारण अनेक ग्रंथालये सदस्यांना तो घरबसल्या उघडू देतात. प्रवेश मिळाल्यावर ‘सेट’ वाचायचा असेल, तर थेट त्या क्रियापदावर जाऊ नये. आधी ‘सिट’ची व्युत्पत्ती वाचावी, मग ‘सेट’ क्रियापदाच्या फक्त मोठ्या शाखांची शीर्षके, त्यानंतर ‘सेक्ट’ आणि शेवटी संचवाचक नाम. या क्रमाने गेल्यास दोन कुळे कुठे वेगळी होती आणि कुठे एक झाली ते स्पष्ट दिसते, आणि जोडक्रियापदांकडे त्यानंतर सवडीने, एकेक करून, वळता येते.